थांबलात तरी चालेल

चाळिशी उलटल्यावर दातांना तार लावावी का, हे मला आता महिन्यातून एखादी तरी बाई विचारते. मी माध्यमिक शाळेत लिपिक आहे. मुलांचे दाखले न्यायला आलेल्या बायका काम झालं तरी खिडकीशी रेंगाळतात, आजूबाजूला कुणी नाही ना बघतात आणि हळूच विचारतात, "दुखतं का हो फार?" मी सांगते, दुखतं, पण सोसवतं. जेवायचं कसं, किती महिने, लोक हसतात का, तेही सांगते. माझे दात दाखवते. ते आता खरंच सरळ आहेत. बायका हुरूप घेऊन घरी जातात.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगत नाही. ती सांगितली नाही तर माझा सल्ला अर्धाच राहतो, म्हणून हे लिहायला बसले आहे. वाचून कुणाला माझा राग आला तर येऊ दे. मला स्वतःला तो रोज येतो.

खवणी

माझे वरचे दात लहानपणापासून पुढे. शाळेत मुलं मला खवणी म्हणायची. पुढे हसताना तोंडावर हात न्यायची सवय लागली, लग्नानंतर हाताच्या जागी पदर आला. लग्न ठरताना सासूबाईंनी मला गायला सांगितलं होतं आणि गाणं झाल्यावर दातांकडे निरखून पाहिलं होतं. मला वाटलं, आता नकार येणार. पण त्यांना माझे दात आवडले होते. "सगली अक्षरा येतात पोरीच्या तोंडातून," असं त्या माझ्या आईला म्हणाल्या.

याचं कारण सांगायला हवं. आम्ही आगरी. आमच्या लग्नात भटजी असतो, पण त्याच्याआधी धवलारीण असते. मांडवाच्या पहिल्या खांबापासून मुलगी निघेपर्यंत प्रत्येक विधीचा एकेक धवला असतो आणि तो ती गाते. माझ्या सासूबाई, चांगुणाबाई, रेवस ते पेणच्या खाडीपट्ट्यातल्या कितीतरी गावांच्या धवलारीण होत्या. साठीच्या आतच त्यांचे सगळे दात गेले. कवळी करून आणली, ती गाताना टाळूवरून सुटायची, म्हणून त्यांनी ती डब्यात ठेवून दिली. आवाज तसाच खणखणीत राहिला, शब्द मात्र विरघळायला लागले. तेव्हापासून मी त्यांच्याशेजारी बसून गायला लागले. त्या सूर धरायच्या, मी त्यांच्या ओठांकडे बघून शब्द उचलायची आणि मोठ्याने म्हणायची. कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, "गला माजा, दात तुजे."

धवला शिकायचा तो असाच, मांडवात बसून. घरी तो गायचा नाही, हा सासूबाईंचा नियम होता. बिनलग्नाचा धवला गायला तर घरातलं लग्न मोडतं, असं त्या मानायच्या. मी एकदा वही घेऊन बसले होते. त्यांनी नियम तर सांगितलाच, शिवाय सुरावाचून त्यांना शब्द आठवतही नव्हते. वही मी शाळेत नेऊन आवकजावक लिहायला वापरली.

चार दात

चाळिशीनंतर पुढच्या दातांमधली फट वाढायला लागली. आधी मधोमध, मग बाजूला. भाकरीचा तुकडा तोडताना एक दात हलल्यासारखा वाटायचा. मी दुर्लक्ष केलं. आमच्याकडे दात हलायला लागला की तो पडेपर्यंत त्याच्याशी जिभेने खेळत बसायचं, एवढाच उपचार.

मग गावातल्या एका लग्नाचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. व्हिडिओवाल्याने गाताना माझं तोंड अगदी जवळून घेतलं होतं. फटी, पुढे आलेले दात, उडालेली थुंकी, सगळं. खाली कुणीकुणी हसणारे चेहरे टाकले होते. मी तो व्हिडिओ शाळेच्या स्टोअररूममध्ये उभं राहून पाच वेळा पाहिला. दुसऱ्या आठवड्यात मी अलिबागला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. घरी सांगितलं, दात हलतोय. ते खरंच होतं, पण मी निघाले होते ती त्या हसणाऱ्या चेहऱ्यांमुळे.

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी हिरडीवर बोट दाबलं, रक्त आलं. एक्स-रे काढला आणि तो उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला. मशेरी लावता का, म्हणाल्या. मी नाही म्हटलं. खरं तर सोळा-सतरा वर्षं लावत होते आणि सोडून दोनच वर्षं झाली होती. हे मी त्यांना तिसऱ्या खेपेला कबूल केलं. तुम्ही पहिल्याच खेपेला करा.

त्या म्हणाल्या, "दात वाकडे आहेत ते आपण नंतर बघू. आधी ते राहतात का ते बघू या." हिरड्यांचा रोग हाडापर्यंत गेला होता. आधार सुटल्यामुळे दात सरकत होते. हिरड्या साफ करायच्या, त्या बऱ्या झाल्या की तार लावून दात मागे आणून बांधायचे. नाहीतर काही वर्षांत वरचे चार दात जातील. पुढचं मी काही ऐकलं नाही. चार, एवढंच ऐकू आलं.

बाहेर बाकावर बसून मी पर्समधला रुमाल तोंडावर धरला. एसटीत परतताना सारखं सासूबाईंचं तोंड डोळ्यांसमोर येत होतं, आत ओढलेले ओठ, हनुवटीपर्यंत उतरलेलं नाक. मी त्रेचाळीस वर्षांची होते. मला फार भीती वाटली, आणि त्या बिचाऱ्या बाईचं तोंड आठवून भीती वाटते याची लाजही वाटली.

ते वाक्य

भाद्रपदापासून हिरड्यांचे उपचार सुरू झाले. चार खेपा झाल्या. बधिर करून हिरडीच्या आतून खरवडायचे, घरी आलं की सबंध चेहरा लाकडी वाटायचा. हे मला म्हणाले, "चालीस वर्सां तेच दात घेऊन हिंडलीस, आता कसली हौस?" यांचा स्वतःचा टेम्पो आहे, त्याचा एक आरसा फुटला तर चार दिवस घर डोक्यावर घेतात. ते मी त्यांना ऐकवलं. नंतर दोन दिवस आम्ही बोललो नाही. मुलगी, मानसी, पनवेलला औषधांच्या दुकानात नोकरीला होती. ती फोनवर म्हणायची, आई, तू कर, कुणाचं ऐकू नको.

दिवाळी झाल्यावर तारेचे डॉक्टर भेटले. ते गुरुवारी त्या दवाखान्यात यायचे. सावकाश बोलणारे, शांत गृहस्थ. त्यांनी हिरड्या तपासल्या, सुधारल्या आहेत म्हणाले. वरचे दात खालच्यांना फार झाकतात, त्यामुळे तारेबरोबर टाळूला एक प्लेटही पक्की बसवावी लागेल, आणि पहिले तीन-चार महिने बोलणं बोबडं होईल, हेही सांगितलं. मी विचारलं, मी लग्नात गाते, तेव्हा काय करू? ते म्हणाले, "मग घाई करू नका. हिरड्या नीट सांभाळल्यात तर मे महिन्यापर्यंत थांबलात तरी चालेल. तुमची लग्नसराई होऊ द्या."

हे ते वाक्य.

त्या वर्षी माघात आमच्याच भावकीत लग्न होतं. माझ्या चुलत दिराच्या मुलीचं. हे लग्न इतर लग्नांसारखं नव्हतं, आणि का, ते मला नीट माहीत होतं. हळद उतरवून नवरीला न्हाऊ घालतात, तेव्हा सासूबाई जो धवला गायच्या, त्यात त्या घरातल्या होऊन गेलेल्या बायकांना नावाने बोलावतात. या, आमच्या लेकीच्या अंगावर पाणी घाला, म्हणून. पाच-सात पिढ्यांच्या बायका. आणि नाव घ्यायचं ते माहेरचं. आमच्याकडे सासरी आलं की नाव बदलायचे, पण न्हाण घालायला यायचं ते लेक म्हणून, असं सासूबाई सांगायच्या. ही माहेरची नावं कुठे लिहिलेली नसतात. ज्या घरचं लग्न त्या घरची नावं, ती धवलारणीला पाठ असतात. मी वीस वर्षांत इतर घरांची कितीतरी नावं त्यांच्या ओठांवरून उचलली होती. आमच्या घरची मात्र कधीच ऐकली नव्हती. यांची बहीण माझ्याआधीच लग्न होऊन गेलेली, आणि भावकीत त्यानंतर लग्नं झाली ती सगळी मुलग्यांचीच. माझ्या वेळचं आमच्या घरचं पहिलं न्हाण ते माघात होतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाला डॉक्टर. मी म्हणाले, आत्ताच तार बसवली नाही तर दात जातील.

असं म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नाही. मला थांबायचं नव्हतं. आणखी सहा महिने, आणखी दहा-बारा मांडव, प्रत्येक मांडवात माझ्या तोंडावर रोखलेला फोन, हे मला नको होतं. नावांचं काय, असं मनात आलं होतं. पण मानसीचं लग्न आहेच ना पुढे, तेव्हा ऐकू, असं मी स्वतःला समजावलं.

 माघातलं लग्न सासूबाईंच्या मनात आलं असणारच. मग म्हणाल्या, "बसव. गेलेला दात परत येत नाय, मना म्हाईत हाय."

एका ताटातली पेज

मार्गशीर्षात तार बसली. पहिले तीन-चार दिवस काहीच चावता येत नाही. नंतरही प्रत्येक महिन्याला डॉक्टर तार आवळतात आणि पुन्हा दोन दिवस तेच. गालाला आतून फोड येतात, त्यावर लावायला मेण देतात, ते टोचणाऱ्या जागी गोळी करून बसवायचं. जवळा, म्हणजे ती बारीक सुकी कोलंबी, खाऊ नका, तारेत अडकून बसतो आणि टोकदार ब्रशने एकेक काढावा लागतो. प्लेटमुळे माझा 'स' आणि 'च' गेला. शाळेत मी 'सही करा' म्हटलं की पालक पुन्हा विचारायचे. हळूहळू मी कागदावर बोट ठेवून खुणा करायला लागले.

त्या दिवसांत मला सांभाळलं ते सासूबाईंनी. दात नसलेल्या माणसाने जेवायचं कसं, हे घरात त्यांनाच माहीत होतं. तांदळाची पेज किती दाट ठेवायची, बोंबील कसा उकडायचा म्हणजे काटा सहज निघून येतो, भाकरी कालवणात किती वेळ भिजू द्यायची. त्या आम्हा दोघींपुरतं वेगळं शिजवायच्या आणि आम्ही एका ताटात जेवायचो. बोटांनी मासा कुस्करून माझ्या बाजूला सारायच्या. हे हसायचे, दोन म्हाताऱ्या जेवायला बसल्या म्हणून. मीही हसायचे. पण एका बाजूने घास गिळताना वाटायचं, सासूबाईंना आत्ता सांगून टाकावं. मग वाटायचं, आता तार बसली आहे, सांगून काय उपयोग. असं म्हणत महिना गेला.

आजारपणात घरचे चिडतात, कुरकुर करतात, त्याचं काही वाटत नाही. खोटं बोलून घेतलेली माया खाणं फार जड जातं.

माघ

लग्नाच्या दिवशी मी सासूबाईंशेजारी बसले. मला वाटलं होतं, जमेल तेवढं गाऊ. मांडवाचा धवला सुरू झाला, मी पहिला शब्द उचलला आणि तोंडातून नुसता फसफस आवाज आला. समोरच्या पोरी फिसकन हसल्या. एकीने फोन वर केला. मी उठले. पाणी आणते, असं काहीतरी पुटपुटले आणि घराच्या मागे बायका मोठ्या टोपात भात शिजवत होत्या तिथे जाऊन बसले. कांदे चिरायला घेतले.

सासूबाईंनी मला बोलावणं पाठवलं. एकदा हळदीच्या वेळी आणि एकदा न्हाणाच्या आधी. निरोप घेऊन आलेली बाई म्हणाली, "चांगुणाबाई बोलतात, गाऊ नको, नुसती शेजारी बस." मला तेव्हा कळायला हवं होतं की त्या मला गायला नाही, नावं ऐकायला बोलावत होत्या. मी हातातला कांदा दाखवला आणि येते म्हणाले. गेले नाही. आता त्या सगळ्या पोरी न्हाणाभोवती उभ्या असतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता. सूर स्पष्ट, शब्द एकही नाही. किती नावं झाली तेही कळलं नाही. मध्येच डीजेवाल्याने स्पीकरची पेटी तपासायला ढणढण सुरू केली आणि आवाज बुडाला.

घरी परतताना टेम्पोत सासूबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवून विचारलं, आज फोड दुखतात काय. मी हो म्हटलं.

त्यानंतर त्यांनी कुणाचंही लग्न घेतलं नाही. शब्द कुणाला कळत नाहीत, लोकांना उगाच ताटकळत कशाला बसवायचं, असं त्या यांना म्हणाल्या.

दाखव

माझी प्लेट चैत्रात निघाली. बोलणं पुन्हा पूर्वीसारखं झालं, फट जवळजवळ मिटली. मी आरशात बघायला लागले. हेही एकदा म्हणाले, बरी दिसतेस. आम्ही दोघंही लाजलो. आनंद झाला नाही असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. मला फार आनंद झाला होता.

श्रावणात सासूबाईंना दम लागायला लागला. न्हाणीपर्यंत चालल्या तरी धाप. अलिबागला दाखल केलं. हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी साठतंय, असं कळलं. बारा दिवस त्या तिथे होत्या. सकाळी मानसी बसायची, ती रजा काढून आली होती. शाळा सुटली की मी एसटीने जायचे. पेज डब्यात नेलेली असायची, ती भरवायची, पाय चेपायचे, परिचारिका येऊन पाण्याचा हिशेब विचारायची तो सांगायचा, शेजारच्या खाटेवरच्या बाईला पाठ टेकवून द्यायची. दुपारी चार ते सहा नातेवाईक यायचे आणि प्रत्येक जण माझ्याकडे बघून म्हणायचा, दात छान झाले गो तुझे. सासूबाई ऐकत असायच्या.

नवव्या दिवशी मी त्यांना सांगितलं. वॉर्डात शेजारच्या खाटेवर बाई झोपली होती. मी म्हणाले, "आई, डॉक्टर तेव्हा थांबलात तरी चालेल म्हणाले होते. मी खोटं बोलले तुमच्याशी. मला माझं तोंड नको झालं होतं."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.  मग म्हणाल्या, "दाखव."

मी वाकले. त्यांनी अंगठ्याने माझा वरचा ओठ उचलला आणि दात पाहिले, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. तार होतीच अजून. "बरे जाले," म्हणाल्या आणि हात खाली घेतला. मला क्षमा केली की नाही ते त्या बोलल्या नाहीत, मी विचारलंही नाही.

मी त्यांना म्हटलं, मला नावं सांगा. गाऊ नका, सुरावर म्हणू नका, फक्त नावं सांगा, मी लिहून घेते. पर्समधून शाळेचा कागद काढला. त्यांनी मान हलवली. मी हात जोडले, रडले, मानसीची शपथ घातली. माझ्या जन्मात मी कुणाची इतकी विनवणी केली नाही.

"नावा घेतली त त्या येतील," त्या म्हणाल्या. मध्ये थांबून त्यांनी श्वास घेतला. "लगीन नाय, काय नाय, त्यांना कशाला बोलवाची? येतील नी रिकाम्या हाताने जातील. मंग तुजे पोरीचे लगनान कोन यल?"

मी कागदाची घडी करून तो पर्समध्ये ठेवला.

"मानसीचे लगनान मीच घेन ना," असं म्हणून त्यांनी माझा हात थोपटला आणि डोळे मिटले.

तीन दिवसांनी त्या गेल्या.

शोध

मी लिपिक आहे, नोंदी शोधणं माझं कामच आहे. दिवस झाल्यावर मी शोधायला लागले. सातबाऱ्यावर पुरुषांची नावं. आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. जिथे बायकांची नावं सापडली तिथे ती सासरची. यांच्या आजीला सगळे म्हातारी आय म्हणत, तिचं माहेर कोणतं तेसुद्धा यांना सांगता येईना. यांच्या बहिणीला तिच्या न्हाणातलं एकही नाव आठवत नव्हतं. मला यांचा राग आला. मग आठवलं, मीही सासूबाईंना त्यांचं माहेरचं नाव कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या भाच्याकडे म्हसळ्याला गेले तेव्हा कळलं, जनी. एक नाव मिळालं.

माघातल्या लग्नाचा व्हिडिओही मागवला. न्हाणाचा प्रसंग त्यात आहे. सासूबाई पाटावर बसून गाताहेत, मान डोलते आहे, ओठ हलताहेत. वर व्हिडिओवाल्याने सिनेमाचं गाणं टाकलं आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, मूळ आवाज ठेवलाच नाही, डीजेचा कलकलाट होता. मी आवाज बंद करून त्यांच्या ओठांकडे बघत बसते. वीस वर्षं मी त्या ओठांवरून शब्द उचलले. पण तेव्हा कानातही थोडंफार पडत असे. नुसत्या ओठांवरून काही लागत नाही.

विचारणाऱ्या बायकांना

तर, तार लावावी का? लावा. हिरड्या बऱ्या असतील, डॉक्टर लावा म्हणत असतील तर वय बघू नका. नीट दिसावं म्हणून लावत असाल तरी लावा, त्यात काही पाप नाही. मला वाटत होतं की पाप आहे, म्हणूनच मी आजाराच्या आड लपले. मला छान दिसायचं आहे, मी आणखी सहा महिने हे तोंड घेऊन मांडवात बसू शकत नाही, असं त्या दिवशी सरळ म्हटलं असतं तर सासूबाईंनी काहीतरी वाट काढली असती. निदान कांदे चिरणारीला त्या हाताला धरून घेऊन गेल्या असत्या. डॉक्टरांना एवढं विचारा, किती थांबता येईल. ते जे सांगतील ते घरी जसंच्या तसं सांगा. मग काय ठरवायचं ते ठरवा.

माझी तार पुढच्या श्रावणात निघाली. आता दातांच्या मागे एक बारीक तार कायमची चिकटवलेली आहे, ती जिभेला लागते.

वैशाख

यंदा वैशाखात मानसीचं लग्न झालं. धवले मी गायले. नवरीच्या आईने गाऊ नये असं कुणी कुणी म्हणत होतं, पण गाणारी दुसरी होती कुठे. मांडवाचा गायले, हळदीचा गायले. एकही अक्षर चुकलं नाही. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, किती वर्षांनी शब्द कळले.

मग न्हाण आलं. मानसी पाटावर बसली, अंगभर हळद, डोळे मिटलेले. मी तांब्या हातात घेतला आणि धवला सुरू केला. चाल माहीत होती, बोलावणं माहीत होतं. नावांच्या जागी आले. जनीला बोलावलं. तिच्या नावाचं पाणी घातलं. पुढच्या ओळीचा सूर लावला आणि त्यात घालायला माझ्याकडे काही नव्हतं. मी थांबले. बायकांना वाटलं, संपलं. कुणीतरी टॉवेल पुढे केला, कुणी अक्षता विचारायला गेली. त्यांच्या लेखी सगळं रीतसर झालं होतं.

मानसीने डोळे मिटूनच विचारलं, "आई, जनी कोण?"

"तुझी आजी."

"आणि बाकीच्या?"

बाकीच्या माझ्यामुळे आल्या नाहीत, असं मी तिला म्हणाले. तिच्या कानात पाणी गेलं होतं. तिने काय म्हणून पुन्हा विचारलं, तेव्हा मी काही नाही म्हटलं आणि तिचं अंग पुसायला घेतलं. आता हे वाचेल तेव्हा तिला कळेल.